निरोगी उंदराला आलेली फिट

छोट्या पांढऱ्या उंदराला औषध टोचून ठरावीक वेळ जाऊ दिलेला असतो. मग त्याच्या डोळ्यांत बधिर करणारे थेंब टाकतात, मिठाच्या पाण्यात ओले केलेले दोन इलेक्ट्रोड बुबुळांना टेकवतात आणि 50 मिलिअँपिअरचा विद्युतप्रवाह 0.2 सेकंद सोडतात. उंदीर एकदम आखडतो. पुढचे पाय छातीशी वळतात, पाठोपाठ मागचे दोन्ही पाय शेपटीच्या दिशेने सरळ ताणले जातात आणि काही सेकंद तसेच ताठ राहतात; मग सर्वांगाला झटके बसू लागतात. थोड्या वेळात सगळे शमते आणि उंदीर सुन्न बसून राहतो. काही उंदीर त्यातच मरतात. निरीक्षकाने पाहायचे असते ते फक्त मागच्या पायांकडे. पाय ताणले गेले तर औषध नापास, नाही ताणले गेले तर पास.

या चाचणीला मॅक्सिमल इलेक्ट्रोशॉक म्हणतात. प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यात एमईएस. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात टोमन, स्विनयार्ड आणि गुडमन यांनी 1946 मध्ये तिची घडी बसवून दिली. यातले गुडमन म्हणजे औषधशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असलेल्या ‘गुडमन आणि गिलमन’ या जाडजूड ग्रंथातले गुडमन. तेव्हापासून आजपर्यंत फिटांवरच्या बहुतेक औषधांना कधी ना कधी या परीक्षेला बसावे लागले आहे.

माझा आक्षेप एका साध्या गोष्टीपासून सुरू होतो. प्रवाह सोडण्याच्या क्षणापर्यंत तो उंदीर ठणठणीत होता. त्याला अपस्मार नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला सोडून दिले असते, तर आपणहून फिट आलीही नसती. ज्या माणसासाठी हे औषध शोधायचे त्याची गोष्ट अगदी वेगळी असते. त्याच्या मेंदूत दोन फिटांच्या मधल्या काळातही काहीतरी बिघडलेले असते: कुठे जुन्या जखमेचा व्रण, कुठे जंताची गाठ, कुठे जन्मापासून वेडीवाकडी जुळलेली पेशींची जाळी, कुठे एखादे जनुक. फिट ही त्या बिघाडाची वर दिसणारी खूण. निरोगी मेंदूवर बाहेरून लादलेला झटका औषधाने अडतो का, एवढेच आपण त्या उंदराला विचारले, आणि मिळालेले उत्तर आजाराबद्दलचे आहे असे धरून चाललो. सत्तर-ऐंशी वर्षे चाललो.

याचा परिणाम रुग्णांच्या आकड्यांत दिसतो. ग्लासगोच्या एका केंद्रात नव्याने निदान झालेल्या 525 रुग्णांचा अभ्यास पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी 2000 साली प्रसिद्ध केला. त्यातल्या 63 टक्के रुग्णांच्या फिटा औषधांनी पूर्ण थांबल्या होत्या. त्याच केंद्रातल्या 1795 रुग्णांचा, जवळजवळ तीस वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास 2018 मध्ये आला. त्यात हा आकडा 63.7 टक्के निघाला. या काळात डझनाहून अधिक नवी औषधे बाजारात आली. त्यांतल्या अनेकांनी रुग्णाचे जगणे सुसह्य केले हे खरे आहे. झोप कमी येते, हिरड्या सुजत नाहीत, इतर गोळ्यांशी भांडण कमी होते. आणि हे फायदे लहान नाहीत. पण ज्या एकतृतीयांश रुग्णांच्या फिटा पूर्वीच्या औषधांनी थांबत नव्हत्या, त्यांतल्या बहुतेकांच्या नव्यांनीही थांबल्या नाहीत.

एकाच चाळणीतून कितीही वेळा धान्य चाळले, तरी खाली येणारा दाणा त्याच मापाचा असणार. एमईएसची चाळणी कशी तयार झाली हे पाहिले की तो एकतृतीयांशाचा वाटा का हलत नाही, हे बऱ्याच अंशी उलगडते.

फिटांवरचे पहिले उपयोगी औषध ब्रोमाइड. लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी 1857 मध्ये त्याचा अनुभव सांगितला. 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फिनोबार्बिटोनचा उपयोग लक्षात आला. आपल्याकडे गार्डिनल म्हणून घराघरांत माहीत असलेली गोळी ती हीच. दोन्ही औषधे गुंगी आणणारी होती. त्यामुळे फिट थांबवायची तर मेंदूला झोपवावेच लागते, अशी समजूत पक्की झाली. ती मोडली बोस्टनमध्ये, मांजरांवरच्या प्रयोगांनी. ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेने फिट आणण्याची पद्धत बसवली, फिट यायला किती प्रवाह लागतो हे मोजले आणि पार्क-डेव्हिस कंपनीकडून मिळालेली रसायने एकामागून एक देऊन पाहिली. त्यांतले एक होते फेनिटॉइन. हाइनरिख बिल्ट्झ यांनी ते 1908 मध्येच बनवले होते. पण त्याने झोप येत नाही, म्हणून निरुपयोगी ठरून ते पडून होते. मांजरांत मात्र फिटेसाठी लागणारा प्रवाह त्याने कितीतरी वाढवला, आणि मांजरे जागी राहिली. 1937 मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि 1938 मध्ये रुग्णांवरचे. ज्या घरात फिटांचा रुग्ण आहे त्या घराला एप्टॉइन हे नाव सांगावे लागत नाही. ते औषध त्या मांजरांमुळे मिळाले.

प्राण्यांवरचे प्रयोग सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो इथे. परीक्षानळीतल्या एकट्या पेशीला फिट येत नाही. हजारो पेशी एका तालात पेटतात तेव्हा फिट होते. ती फिट, आणि तिच्यासोबत झोप, चाल, भूक, स्मरण यांवर होणारा औषधाचा परिणाम पाहायला जिवंत, हलता-चालता मेंदू लागतो. फेनिटॉइन झोप न आणता फिट थांबवते, हे दाखवायला कुठला तरी जीव जागा राहताना दिसणे भागच होते.

पुढे 1944 मध्ये रिचर्ड्स आणि एव्हरेट यांनी ट्रायमेथाडायोन हे औषध पेंटिलीनटेट्राझोल या रसायनाने येणारे झटके अडवते असे दाखवले. फेनिटॉइनला ते जमत नव्हते. रुग्णांतही तसेच दिसले: फेनिटॉइन मोठ्या फिटांवर चाले, तर ट्रायमेथाडायोन मुलांच्या क्षणभर शून्यात पाहत राहण्याच्या फिटांवर. त्यातून एक सुटसुटीत नियम जन्माला आला. एमईएसमध्ये पास ते मोठ्या फिटेचे औषध, पेंटिलीनटेट्राझोलमध्ये पास ते शून्यात पाहणाऱ्या मुलाचे. नियम इतका सोयीचा होता की त्याचे अपवाद समोर येऊनही तो पाठ्यपुस्तकांतून हलला नाही. फिनोबार्बिटोन पेंटिलीनटेट्राझोलच्या परीक्षेत पास होते, पण त्या मुलांना त्याचा उपयोग नाही. टायागॅबीन पास होते, आणि त्या मुलांच्या फिटा वाढवू शकते. लॅमोट्रिजीन नापास होते, आणि त्या मुलांना गुण देते.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती मात्र 6 हर्ट्झ चाचणीची कथा. 1950च्या दशकात संशोधकांनी उंदराला कमी वारंवारितेचा, थोडा जास्त वेळ चालणारा प्रवाह देऊन वेगळ्या प्रकारची फिट आणली. उंदीर जागच्या जागी थिजतो, मिशा थरथरतात, पुढचे पाय हलतात, शेपटी ताठ होते. फेनिटॉइनने ही फिट थांबेना. त्या काळच्या लोकांनी काढलेला निष्कर्ष असा की चाचणीच कामाची नाही. ती बाजूला पडली. अर्धशतकानंतर, 2001 मध्ये, युटातल्याच बार्टन आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा बाहेर काढली, कारण जुन्या औषधांना दाद न देणारी फिट हीच तर हवी होती. औषधाने चाचणीला उत्तर द्यायचे, तिथे पन्नास वर्षे चाचणीच औषधाला उत्तर देत राहिली. फेनिटॉइन ज्याला ओळखते तेच खरे आणि बाकीचे खोटे, अशी कसोटी लावली की मिळणार ते फेनिटॉइनचेच भाऊबंद.

मधल्या काळात लेव्हेटिरॅसिटॅम निसटता निसटता वाचले. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्मा गोवर आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये त्याविषयी लिहिले. एमईएस आणि पेंटिलीनटेट्राझोल या दोन्ही नेहमीच्या परीक्षांत हे रसायन जवळजवळ निष्प्रभ होते. दोनच परीक्षांवर ज्यांचा कारभार चालतो त्यांनी ते फेकून दिले असते. पण कर्कश आवाजाने फिट येणाऱ्या जातीच्या उंदरांत त्याचा गुण दिसला, आणि त्याहून ठळकपणे ‘किंडलिंग’ केलेल्या प्राण्यांत. 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली; मेंदूत ते कुठे चिकटते हे तर 2004 मध्ये कळले. आज जिल्हा रुग्णालयापासून मोठ्या न्यूरॉलॉजी विभागापर्यंत ते रोज लिहून दिले जाते.

किंडलिंग म्हणजे काय हे थोडे जवळून सांगायला हवे, कारण माझा मुद्दा त्यात दडलेला आहे. कॅनडात ग्रॅहॅम गॉडर्ड शिकण्याच्या प्रक्रियेवर काम करत होते. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागात बसवलेल्या तारेतून ते रोज अगदी सौम्य प्रवाह देत. सुरुवातीला काहीच होत नसे. काही दिवसांनी त्याच सौम्य प्रवाहाने प्राण्याचे तोंड चाळवू लागले, मग मान हलू लागली, मग पुढचे पाय, आणि शेवटी प्राणी मागच्या पायांवर उभा राहून कोलमडू लागला. 1967 आणि 1969 च्या लेखांत त्यांनी हे मांडले. या पायऱ्यांची रासीन यांनी 1972 मध्ये केलेली पाच अंकांची श्रेणी आजही वापरली जाते. प्रवाह पहिल्या दिवशी होता तेवढाच होता. बदलला होता मेंदू. म्हणजे इथे औषधाची गाठ बदललेल्या मेंदूशी पडते, आणि एमईएसच्या उंदरात नेमके तेच घडत नाही.

औषध काम करते की नाही, एवढ्यापुरताच हा फरक नाही. औषध सोसेल की नाही, याचाही निर्णय त्यावर ठरतो. 1980च्या दशकात ग्लुटामेटचा एनएमडीए नावाचा ग्राही अडवणारी रसायने प्राण्यांच्या फिटांवर विलक्षण परिणामकारक दिसत होती. मोठी आशा होती. दुष्परिणाम तपासायला फिरत्या दांड्यावरची रोटारॉड चाचणी होती: मिनिटाला सहा फेरे घेणाऱ्या दांड्यावर उंदीर तोल सांभाळतो की पडतो. पण तो उंदीरही निरोगीच असे. हॅनोव्हरमध्ये वोल्फगांग लोशर आणि हॉनॅक यांनी हीच रसायने किंडलिंग केलेल्या रॅटना देऊन पाहिली, तेव्हा निरोगी प्राणी जो डोस सहज पचवत, त्यावर हे प्राणी अस्वस्थ होऊन विचित्र वागू लागले. 1991 मध्ये त्यांनी ते छापले. 1993 मध्ये त्याच गटातले डी-सीपीपी-ईन हे औषध आठ रुग्णांना दिल्याचा अहवाल आला. एकाग्रता गेली, तोल गेला, बोलणे जड झाले. आठही जणांचे औषध बंद करावे लागले. योग्य प्राण्याला विचारले, तेव्हा त्याने आधीच सांगितले होते. त्याचे ऐकले गेले नाही.

इथे कुणी सेनोबामेटचे उदाहरण देईल, आणि त्याने द्यावे. 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध जुन्या चाचण्यांत व्यवस्थित पास झालेले आहे. तरीही इतर औषधांनी न थांबलेल्या फिटांच्या रुग्णांत, मोठ्या डोसच्या गटातल्या 21 टक्क्यांच्या फिटा स्थिर डोसच्या टप्प्यात पूर्ण थांबल्या. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 1 टक्का होते. म्हणजे जुनी चाळणी चांगले औषध हमखास अडवते असे मी म्हणू शकत नाही. पण जुन्या परीक्षेत ज्यांचे गुण सेनोबामेटइतकेच चांगले होते आणि जे दवाखान्यात सामान्य निघाले, अशी औषधे पुष्कळ आहेत. सेनोबामेट त्यांच्यापेक्षा सरस ठरेल हे त्या परीक्षेला सांगता आले नाही. परीक्षेचे काम तेवढेच तर असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1975 पासून चालवलेल्या चाळणी-प्रकल्पात बत्तीस हजारांहून अधिक रसायने तपासली गेली, बरीचशी युटातच. अलीकडच्या काळात त्या प्रकल्पाने आपली दिशा बदलली. आता तिथे 6 हर्ट्झच्या जास्त तीव्रतेच्या फिटा, लॅमोट्रिजीनला दाद न देणारे किंडल केलेले रॅट, मेंदूत केनिक आम्ल टोचून अपस्मारी केलेले उंदीर यांना पुढे आणले आहे. ज्यांनी चाळणी बनवली त्यांनीच ती अपुरी असल्याचे मान्य केले, ही बाब आपल्याकडे पोचायला हवी होती.

ती पोचलेली नाही, आणि आता मी माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत एम.फार्म.च्या प्रबंधांचे कपाट उघडा. अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा फिटविरोधी गुण, हा विषय हमखास सापडेल. ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पी, वेखंड, आणि त्या संपल्यावर शेताच्या बांधावरचे जे हाती येईल ते. आराखडा बहुतेकदा ठरलेला: प्रत्येक गटात सहा प्राणी, एका गटाला नुसते द्रावण, एकाला फेनिटॉइन, दोन-तीन गटांना अर्काचे चढते डोस, कानाला क्लिपा लावून झटका, मागच्या पायांच्या ताठरपणाचे सेकंद, शेवटी आलेखावर ‘फरक खरा’ असे सांगणारे तारे. अर्कात नेमके काय आहे हे बहुधा माहीत नसते. ते मेंदूपर्यंत पोचले का, हे मोजलेले नसते. प्राणी नुसता गुंगला म्हणून पाय कमी ताठरले का, हे पाहायला रोटारॉड लावलेला नसतो. कुठल्या पिंजऱ्याला काय दिले हे निरीक्षकालाच ठाऊक असते. आणि पुढे काही होत नाही. प्रबंध जमा होतो, एक शोधनिबंध छापून येतो, प्राणी मारले जातात. त्या अर्काची गोळी कुठल्याही रुग्णापर्यंत जात नाही, कारण तसा कुणाचा इरादाच नसतो.

विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. त्यांना दोन वर्षांत पदवी पूर्ण करायची असते, हाताशी एक इलेक्ट्रोकन्व्हल्सोमीटर असतो, आणि मार्गदर्शकाने स्वतः असाच प्रबंध लिहिलेला असतो. आयुर्वेदातल्या वनस्पतींची चेष्टा करण्याचाही हेतू नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्या परंपरेत तपासण्यासारखे खूप काही असू शकते. म्हणूनच तर तिला 1946 च्या अपुऱ्या परीक्षेत पुन्हा पुन्हा बसवणे हा तिच्यावरही अन्याय आहे. लेव्हेटिरॅसिटॅमसारखे काही जटामांसीत असेल, तर ही चाचणी ते कधीच दाखवणार नाही.

प्राण्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे आणि प्रयोगांवरच्या देखरेखीचे नियम 1998 चे. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असते, तिच्यात बाहेरचे सदस्यही असतात. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे शक्य तिथे प्राण्याऐवजी पर्याय, नसेल तर कमीत कमी संख्या, आणि कमीत कमी यातना, या समित्यांना पाठ असतात. पण बहुतेक चर्चा पिंजऱ्याचे माप आणि प्राण्यांची संख्या यांवर संपते. सहाऐवजी पाच घेता येतील का, एवढे विचारले जाते. या प्रयोगाने कुठला प्रश्न सुटणार, आणि उत्तर ‘नाही’ आले तर ते छापणार का, हे विचारले जात नाही. ज्या प्रयोगातून काहीच कळणार नाही तिथे एका उंदराचाही झटका जास्त आहे. आणि सहाचे पाच करून प्रयोग इतका अशक्त होत असेल की त्यातून काही ठरवताच येऊ नये, तर वाचलेला एक उंदीर बाकीच्या पाचांचे मरण फुकट घालवतो.

आता माझ्याच म्हणण्यातली अवघड जागा. चांगला प्रश्न विचारायचा तर प्राण्याला खरा आजार द्यावा लागतो, आणि ते एमईएसच्या झटक्यापेक्षा कठोर आहे. पायलोकार्पिन देऊन रॅटला तासभर वा अधिक काळ न थांबणारी फिट आणतात, मग डायझेपामने ती तोडतात. काही प्राणी त्यात दगावतात. जे वाचतात ते काही दिवस-आठवडे शांत असतात, आणि मग त्यांना आपणहून फिटा येऊ लागतात, आयुष्यभर. ब्राझील आणि पोलंडच्या संशोधकांनी 1980च्या दशकात बसवलेली ही पद्धत माणसाच्या टेम्पोरल लोबच्या अपस्माराच्या पुष्कळ जवळ जाते. अशा प्राण्याला आठवडेच्या आठवडे जगवायचे, डोक्यात इलेक्ट्रोड ठेवायचे, रात्रंदिवस व्हिडिओ आणि ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी, नोंदवायचे. काही सेकंदांचा त्रास नव्हे, महिन्यांचा.

मी तरीही याच बाजूचा आहे, पण काही अटींवर, आणि त्या सगळ्या पद्धतीच्या आहेत. या प्राण्यांच्या फिटा झुंडीने येतात: चार-पाच दिवस एकामागून एक, मग कित्येक दिवस काहीच नाही. झुंड ओसरताना औषध सुरू केले तर पाणीसुद्धा गुणकारी दिसेल. म्हणून प्रत्येक प्राण्याला औषधाचे आणि बिनऔषधाचे असे दोन्ही काळ मिळायला हवेत, आणि नोंदी वाचणाऱ्याला कुठला काळ कुठला हे माहीत नसावे. रॅटचे शरीर औषधे झपाट्याने बाहेर टाकते. लेव्हेटिरॅसिटॅमचे रक्तातले प्रमाण माणसात निम्मे व्हायला सहा ते आठ तास लागतात, रॅटमध्ये दोन-तीन. दिवसातून एकदा टोचून ‘औषध चालले नाही’ म्हणणे म्हणजे औषध न देताच म्हणणे. माद्यांनाही फिटा येतात. नरांवरच सगळे प्रयोग करून स्त्री-रुग्णांबद्दल बोलू नये. हे कुणी पाळत नसेल तर त्याला हा कठोर प्रयोग करायची परवानगी नसावी.

आणि एक गोष्ट फेकून देऊ नये, जी आजवर फेकली गेली. लोशर आणि रुंडफेल्ट यांनी किंडल केलेल्या रॅटना फेनिटॉइन वारंवार देऊन पाहिले. त्याच जातीच्या, एकाच पद्धतीने वाढवलेल्या प्राण्यांत काहींवर ते दर वेळी चालले, काहींवर कधी चालले तर कधी नाही, आणि काहींवर एकदाही नाही. नेहमीच्या पद्धतीने सरासरी काढली तर हे तिसरे प्राणी आलेखाच्या उभ्या रेघेत विरून जातात. पण ओपीडीतल्या बाकावर, फाइल जाड होत गेलेला, तिसरे औषध चौथ्याने बदलून घेणारा जो रुग्ण बसलेला असतो, त्याच्याशी या प्राण्यांचे सर्वाधिक साम्य आहे. त्याच्यासाठी वर्षातून दोन फिटा म्हणजे ‘पंच्याहत्तर टक्के घट’ नसते. गाडी चालवता येत नाही, गॅससमोर एकटे उभे राहता येत नाही, मुलगी असेल तर सोयरिकीची बोलणी अर्ध्यावर राहतात. वारंवार येणारी फिट हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण हिंदू विवाह कायद्यात 1999 पर्यंत होते; कायद्यातून ते गेले, पण लोकांच्या मनातून नाही. त्या नापास प्राण्यांना वेगळे काढून, नवे औषध त्यांच्यावरच तपासावे, हा विचार आता कुठे रुजतो आहे.

जनुकांच्या बाजूने आलेली प्राणी-प्रारूपे हेच दुसऱ्या वाटेने सांगतात. ड्रावे सिंड्रोम या लहान मुलांच्या गंभीर अपस्मारात लॅमोट्रिजीनसारखी सोडियम वाहिन्या अडवणारी औषधे फिटा वाढवतात, हे डॉक्टरांनी 1998 मध्ये नोंदवले होते. ते का, हे कळेना. 2006 मध्ये सिअ‍ॅटलमध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत ड्रावेमागच्या एससीएन1ए जनुकातला दोष असलेल्या उंदरांचे मेंदू तपासले गेले. सोडियम प्रवाह कमी पडला होता तो पेटवणाऱ्या पेशींत नव्हे, विझवणाऱ्या पेशींत. औषध त्या आधीच दुबळ्या पेशींना आणखी दुबळे करत होते. त्याच जनुकाचा दोष असलेल्या माशांच्या पारदर्शक पिल्लांवर स्कॉट बाराबान यांनी 2013 मध्ये औषधे चाळण्याची पद्धत दाखवली. अशी शेकडो पिल्ले एका छोट्या ट्रेमध्ये मावतात. पहिली चाळणी माशांवर होऊ शकते, दुसरी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या कापांवर. उंदराची पाळी त्यानंतर यावी.

राहता राहिला प्रश्न आजारच होऊ न देण्याचा. डोक्याला मार लागलेल्या 404 रुग्णांवर नॅन्सी टेमकिन आणि सहकाऱ्यांनी केलेला फेनिटॉइनचा अभ्यास 1990 मध्ये आला. पहिल्या आठवड्यातल्या फिटा औषधाने कमी झाल्या. त्यानंतरच्या, म्हणजे खऱ्या अपस्माराच्या, झाल्या नाहीत. फेनिटॉइन जे करायला निवडले गेले होते तेच त्याने केले. आपल्या रस्त्यांवर रोज डोकी फुटतात, आणि त्यांतल्या काहींना महिन्या-वर्षांनी फिटा सुरू होतात. ते रोखणारे एकही औषध आज नाही. फिनलंडमधल्या कुओपिओ इथे आस्ला पिटकानेन यांच्या गटाने रॅटच्या मेंदूला मोजून धक्का देऊन वाट पाहिली. जवळपास निम्म्या प्राण्यांना वर्षभरात कधीतरी अपस्मार झाला, तोही बहुतेकांना कित्येक आठवड्यांनी. असे औषध तपासायचे तर वर्षभर प्राणी सांभाळावे लागतील आणि नोंदींचे ढीग वाचावे लागतील.

एकट्या महाविद्यालयाला हे झेपणार नाही हे उघड आहे. पण एका विद्यापीठाच्या छत्राखालच्या सगळ्या महाविद्यालयांनी अर्कांच्या प्रबंधांवर जाणारा पैसा, प्राणी आणि वेळ एकत्र केला, तर एक सामायिक ईईजी केंद्र उभे राहू शकते, जिथे एका विद्यार्थ्याने प्राण्यांना आजार द्यावा, दुसऱ्याने औषध, आणि तिसऱ्याने, कुणाला काय दिले हे न कळता, नोंदी वाचाव्यात. तिघांना मिळून एक प्रबंध लिहू द्यावा. परीक्षा-नियमांत एवढा बदल विद्यापीठाची अभ्यास मंडळे करू शकतात.